दिसलं नाही, आयकू आलं

कोणाचीही सायकल समोर आली की काका आधी पुढचा ब्रेक दाबायचे, हँडलवर छातीचा भार टाकायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. शॉकप दबून पुन्हा वर आला की मान हलवायचे. "काही तरी हाये याच्यात." सायकल त्याच सकाळी दुकानातून आलेली असली तरी हेच.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. दूधवाल्यावर, हवामानाच्या बातमीवर, जावयाच्या गाडीवर संशय घेणारं. आमच्या काकांचा सगळा संशय सायकलच्या पुढच्या शॉकपवर एकवटला होता.

आम्ही अकोल्यातले पंधरा-वीस जण रविवारी सकाळी सायकली काढतो. डॉक्टर, वकील, माझ्यासारखी कॉलेजात शिकवणारी एक-दोघं. काका जिनिंग फॅक्टरीतून रिटायर झालेले फिटर, जुन्या शहरात राहणारे. त्यांची स्वतःची सायकल साधी, बिनशॉकपची. त्यामुळे आमच्यात कुजबूज चाले, स्वतःकडे नाही म्हणून दुसऱ्याच्यात खोट काढतात. त्यावर मीही हसलेली आहे.

आमच्या डॉक्टरांनी महागाची सायकल आणली तेव्हा काका म्हणाले, "डॉक्टर, शॉकप धाप टाकून राह्यला."

"काका, छातीचा डॉक्टर मी आहे."

"मंग लावा कानाले तुमची नयी."

डॉक्टरांनी पुढच्या रविवारी खरोखरच स्टेथोस्कोप आणला, शॉकपला लावला आणि काही ऐकू येत नाही असं जाहीर केलं. काका शांतपणे म्हणाले, "पेशंटचं तरी आयकू येते का तुमाले?"

माझी सायकल सेकंडहँड होती, पण शॉकप भारी. खडीचा रस्ता असो, नांगरटीची ढेकळं असोत, हात दुखायचे नाहीत. काकांनी तिचा ब्रेक तीनदा दाबला. "ताई, हिची मान मोडून राह्यली." मान म्हणजे शॉकपमधून हँडलकडे जाणारी नळी. ती फ्रेमच्या आत असते, बाहेरून दिसत नाही. मी दुकानात नेली. दुकानदार म्हणाला बेअरिंग कोरडं आहे. त्याने ग्रीस भरलं आणि मी निर्धास्त झाले.

त्या हिवाळ्यात आम्ही नरनाळ्याच्या किल्ल्यावर गेलो. सायकली पिकअपमध्ये घातल्या होत्या आणि काका त्यांच्यासोबत मागे बसले होते. पायथ्याशी उतरवताना पाहिलं तर माझ्या पुढच्या चाकाचा एक्सल गायब. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. त्यांनी खिशातून तो काढला.

"मीच काढला. तुमी हिच्यावर उतारानं येऊ नका, ताई."

"काका, तुम्हाला नेमकं दिसलं तरी काय?"

"दिसलं नाही. आयकू आलं."

माझा तोल गेला. इतक्या लोकांसमोर मी त्यांना म्हणाले, "दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावणाऱ्याला फिटर म्हणत नाहीत." एक्सल जवळजवळ हिसकावूनच घेतला, बसवला, गडावर गेले आणि त्याच सायकलवर सुसाट खाली आले. काहीही झालं नाही.

"पाहिलं ना काका?" वकील म्हणाले.

"आज नाही झालं," एवढंच काका बोलले.

त्या आठवड्यात त्यांना व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं. मी गप्प बसले.

दोन महिन्यांनी संध्याकाळी मोर्णा नदीच्या पुलाजवळ एका गतिरोधकावरून मी चालण्याच्या वेगाने जात होते. कट् असा आवाज झाला. हँडल हातातच राहिलं, चाक शॉकपसकट पुढे कलंडलं आणि मी तोंडावर आपटले. दोन्ही तळवे सोलले, हनुवटीला टाके पडले. खोटं कशाला बोलू, रस्त्यावर बसल्या बसल्या माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की त्या दिवशी पिकअपमध्ये काकांनीच काही करून ठेवलं असणार.

मग मी मोडलेली नळी पाहिली. तिची निम्मी कड चकचकीत होती, नुकतीच तुटलेली. उरलेली निम्मी काळी पडलेली, कित्येक महिन्यांपूर्वीच तडकलेली. नरनाळ्याच्या उतारावर मी त्या अर्ध्या नळीवर बसून आले होते.

दुसऱ्या दिवशी तो शॉकप घेऊन त्यांच्या घरी गेले. "काका, माझं चुकलं."

त्यांनी नळीकडे पाहिलंही नाही. आधी माझ्या हनुवटीकडे पाहिलं. "दात ठीक हायेत ना?"

चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं. दर्यापूरचा एक दोस्त, त्यांच्याच खात्यात कामाला. दोघं सगळीकडे सायकलने फिरायचे. दोस्ताने हौसेने शॉकपची सायकल घेतली. एकदा चिखलदऱ्याच्या घाटात त्याने विचारलं, आवाज येतो आहे, जाऊ का? काकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, काही नाही, चाल. तिसऱ्या वळणावर शॉकप तुटला. दोस्ताचा खांदा कायमचा वाकडा झाला आणि त्याचं सायकल चालवणं सुटलं ते सुटलंच.

"लोक म्हणतात, मी सगयांवर शक घेतो," काका म्हणाले. "माहा शक माह्याच डोयावर हाये, ताई."

मी ग्रुपवर सगळं लिहिलं. वकील स्वतः त्यांच्या घरी माफी मागायला गेले. पण काका परत आले नाहीत. मी का म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, "आता सगये मले सायकल दाखवतीन. मी चांगली म्हटलं का डोये झाकून उतरतीन. ते नाही पायजे मले."

दिवाळीनंतर काका गेले, झोपेतच. त्याआधी महिनाभर मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दर्यापूरच्या बसमधून. सोयाबीन निघालेलं, काळ्या वावरांच्या मधून एक पांधण, बैलगाडीची वाट, गेलेली. तिच्यावर एका बाजूला झुकलेल्या खांद्याचा एक म्हातारा सायकल चालवत होता, आणि काका एक हात सीटला धरून त्याच्या मागे धावत होते. बस थांबली होती म्हणून आवाज आला.

"सोड ना बे आता! पडत नाही मी!"

काकांनी सोडलं नव्हतं. त्यांचा सदरा पाठीला घामाने चिकटला होता आणि ते मोठ्याने हसत होते.