तक्त्यातून वगळलेले डाव

गेल्या उन्हाळ्यापासून मी जुन्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धांचे निकाल गोळा करते आहे. अमरावतीच्या वाचनालयात पिवळी पडलेली वर्तमानपत्रं चाळायची, कुणा जुन्या खेळाडूच्या घरून स्पर्धेची पत्रकं मागून आणायची. दादा खेळला त्या वर्षीचा अंतिम तक्ता मिळाला, तर त्यात दादा नव्हताच. सुरुवातीच्या फेऱ्यांच्या बातम्यांत त्याचे विजय आहेत, एका माजी विजेत्यावरचासुद्धा. पण साखळी स्पर्धेत निम्मे डाव व्हायच्या आत उठून गेलं, की आधीचे निकालही क्रमवारीत धरत नाहीत.

त्याला उठवलं मी.

बाबा तेव्हा दवाखान्यात होते. आई आधीच गेलेली. धोका टळला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि जन्मभर त्या सोंगट्यांच्या नावानं बोटं मोडणारे बाबा मला म्हणाले होते, "पोराले कयवू नोको वं. खेयू दे त्याले."

कळवू नको म्हणाले, तरी मी दादाला फोन केला. "दादा, बाबा तुयंच नाव घेऊन राहिले. लवकर ये." माझी बीएडची परीक्षा तोंडावर होती. शिवाय राग होता. तो तिकडे पटावर बसलाय आणि इथे बाबांना लघवीचं भांडं मीच देतेय.

तो आला. पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला नाही. बाबा गेल्यावर त्यानं अकोल्याच्या जुन्या शहरात मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकांनाही सांगायचा, "बाप तोंडानं कडू होता, पण बखत आला त मलेच बोलावलं." मी शेजारी बसून ऐकून घ्यायचे.

परवा दुकानात गेले. "या, संशोधक बाई," तो म्हणाला, "सापडलो का मी कुठं?"

मी सगळं सांगून टाकलं. त्याच्या हातातला पेचकस तसाच राहिला. वाटलं, आता ओरडेल.

"मंग बाबानं बोलावलंच नोतं मले?"

"नाही."

"काय म्हणले होते? पुन्हा सांग."

"खेयू दे त्याले."

"खेकसून म्हणले, का हासून?"

मला आठवेना. हसून म्हणाले, असं सांगता आलं असतं. पण बाबांच्या नावावर एकदा खोटं बोलून झालं होतं.

"आठव न वं," दादा म्हणाला. दारात गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं हातानंच परत पाठवलं. "आठव न."