न घेतलेली परीक्षा

"मावशी, हा टी-शर्ट साडीवरनंच चढवा. हेल्मेट घाला. फोटो झाला की तुम्ही मोकळ्या. परीक्षेचं आम्ही बघतो."

हे सांगणारा आमच्या कोअर शॉपचा इंजिनिअर. माझ्या थोरल्या मुलीच्या वयाचा. तीन वर्षांपूर्वी शिरोली एमआयडीसीतल्या या फाउंड्रीत तो आला, तेव्हा वाळूत ओल किती हवी हे त्याला कळत नव्हतं. मूठ दाबून वाळू ओळखायला मी शिकवलं. इंजिनाचा भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, तो कोअर. भाजून झाला की नखानं वाजवायचा आणि आत कच्चा आहे का ते ऐकायचं. तेही मीच शिकवलं.

तो साहेब झाला. हजेरीपटावर माझ्या नावापुढं एकोणीस वर्षं तेच: हेल्पर. कोअर मी बनवते, पण मी कोअरमेकर नाही. का? कागद नाही. चौथीत शाळा सुटली.

मग फाउंड्रीत नोटीस लागली. मुलीनं वाचून दाखवली. कुठल्या कामाला कोणती पात्रता हे ठरवणारी दिल्लीत एक राष्ट्रीय परिषद आहे. तिचा नियम असा, की जो काम करत शिकला त्याचंही शिकणं मोजायचं. प्रात्यक्षिक घ्यायचं, मग प्रमाणपत्र द्यायचं. मी दोनदा वाचायला लावलं. कुणीतरी माझे हात बघणार होतं. परीक्षेच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसून गेले. हसू नका, मोठेपणीची माझी ती पहिली परीक्षा होती.

मी टी-शर्ट चढवला, हे लपवणार नाही. अकरा बायकांबरोबर रांगेत उभी राहिले. कॅमेरेवाला म्हणाला, "हसा", तर हसलेसुद्धा. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

टेबलाशी परीक्षा घ्यायला नेमलेल्या एजन्सीचा परीक्षक चहा पीत बसला होता. शेजारी आमचा इंजिनिअर टॅबवर टकाटक बोट मारत होता. स्क्रीनवर माझा फोटो होता. माझी उत्तरं तो भरत होता.

"वाळू कुठं हाय?" मी विचारलं. "कोअर बॉक्स?"

परीक्षकानं माझ्याकडं बघितलंही नाही. इंजिनिअरला म्हणाला, "या बाईंना सांगा, पास आहेत. लिहिता-वाचता येत नाही, उगीच ताण कशाला?"

"कशात पास?"

"हेल्पर," इंजिनिअर म्हणाला. "सगळ्यांना तेच टाकलंय, मावशी. भानगड नको."

माझे कान तापले. आधी लाज वाटली, सवयीनं. मग दिसलं की लाज वाटायला हवी ती माणसं चहा पीत बसली आहेत. एकोणीस वर्षं कागद नाही म्हणून मी हेल्पर. आता कागदावर शिक्क्यानिशी हेल्पर. म्हणजे तक्रारीलाही जागा नाही.

मी टी-शर्ट काढला, घडी केली आणि टॅबवर ठेवली.

"माझं नाव काढा. न्हायतर परीक्षा घ्या."

"आणि नापास झालात तर?"

"तर नापास लिवा. पर माझं लिवा."

रांगेतल्या एकीनं हेल्मेट काढून हातात धरलं.

दुसऱ्या दिवशी मला कोअर शॉपमधून काढून झाडलोटीला लावलं. मी झाडते. मुलीला बसवून दिल्लीच्या त्या परिषदेला अर्ज लिहिला. शब्द माझे, सही माझी, अंगठा नव्हे. तुमच्या नियमात प्रात्यक्षिक आहे, आमच्याकडं फक्त फोटो झाला, असं सरळ लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

नाही आलं तर पुन्हा लिहीन. झाडू हातात असला तरी वाळूच्या ढिगाजवळून जाताना मी मूठ भरते, दाबते, उघडून बघते. माझी परीक्षा बाकी आहे. ती घेतल्याशिवाय मी कुणाचाही कागद घेणार नाही.