रुपचंद कंडक्टर तासभर गप्प बसला त्याची गोष्ट

पाचोऱ्याच्या रुपचंद कंडक्टरचं तोंड म्हणजे, देवा रे! पस्तीस वर्षं एसटीत 'पुढे सरका' ओरडून माणूस निवृत्त झाला, तोंड काही झालं नाही. त्याची लेक रत्ना नर्स. तिची दोन स्थळं त्यानंच मोडली. पहिल्या मुलाच्या बापाला भर बैठकीत म्हणाला, तुमचा केसांचा टोप सरकलाय. दुसऱ्यांना सांगितलं, मुलगा फोटोत बरा दिसतो. दोन्ही खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

तिसरं स्थळ धुळ्याचं, त्यांच्यासारख्याच ख्रिस्ती घरातलं आलं, तेव्हा बायको सुगंधाबाईनं बायबलच पुढ्यात ठेवलं. जिभेला आवर घालणारा शहाणा, असं ह्यातच आहे, वाचा म्हणाली. रुपचंदानं पानं उलटून दुसरं वचन काढलं. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड, हेही ह्यातच आहे. मग ऐकू कोणतं? सुगंधाबाई म्हणाली, ते मुक्यांसाठी आहे. आपली रत्ना काय मुकी आहे? आज माझं ऐका. बिचारा कबूल झाला.

पाहुणे आले. सुगंधाबाई आत पुऱ्या तळायला गेली, आणि रुपचंद नुसता हसत मान हलवू लागला. नाव विचारलं तरी मान हलवली. मुलाची आई बेबाबाई मोठी प्रार्थनेची बाई, तिचा जीव कळवळला. एवढा चांगला माणूस आणि मुका! तिनं थेट त्याच्या डोक्यावर हात ठेवले. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना त्याच्या घशापासून निघाली ती संसारावर आली, आणि रत्ना लग्नानंतर नोकरी सोडून घर सांभाळणार म्हणून बेबाबाई देवाचे आभारही मानू लागली.

रुपचंदानं एक डोळा उघडला. नोकरी हा रत्नाचा जीव की प्राण. पण बघायच्या बैठकीत पोरीनं बोलायचं नसतं, त्यातून प्रार्थना चाललेली. खाली मान घालून ती पदर पिळत होती. म्हणजे झालीच की मुकी!

"पोर नोकरी सोडणार नही!" आवाज स्टँडवरचा.

मुका बोलला! बेबाबाई रडायलाच लागली. तिचा नवरा बन्सीलाल गुडघ्यांवर बसला. देवच बोलला, नोकरी राहू द्या, लग्न पक्कं, असं दोघंही म्हणू लागले.

आता आली का पंचाईत? गप्प बसलं तर लेकीचं भलं. बोललं तर हेही स्थळ गेलं. दारात सुगंधाबाई झारा धरून डोळे वटारत होती. पण देवाच्या नावावर खोटं खपवणं काही रुपचंदाला जमेना.

"अक्का, मी मुका नही. बायकोनं गप्प बसवलं व्हतं. पण नोकरीचं खरं शे."

रत्नाचा चेहरा उतरला. बेबाबाईनं सुगंधाबाईकडे वळून विचारलं, हे एरवी किती वेळ गप्प बसतात?

"तीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदाच, अक्का. तासभर."

"मग चमत्कार झालाच म्हणायचा," बेबाबाई म्हणाली, आणि ड्यूटी किती वाजता असते ते तिनं रत्नालाच विचारलं. रत्नानं मान वर करून सांगायला सुरुवात केली, ती थांबेचना. बापाचीच लेक ती.