माहेरचं नाव

मनगट मोडलं म्हणून मी दवाखान्याच्या अपघात विभागात बसले होते. तेवढ्यात ट्रकने उडवलेलं एक म्हातारं जोडपं आणलं. आजोबांना नुसतं खरचटलं होतं, आजींच्या डोक्याला मार होता. सिस्टरने त्यांची मान स्थिर धरली, श्वास पाहिला, डोळ्यांवर बॅटरी मारली आणि कानाशी वाकून विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

"सुमन," आजोबाच म्हणाले.

"त्यांना बोलू द्या, आजोबा. शुद्ध किती आहे ते त्यावरूनच कळतं मला."

बऱ्याच वेळाने आजींचे ओठ हलले. "गोदी."

सिस्टरने आजोबांकडे पाहिलं. ते चाचरत म्हणाले, "माहेरचं नाव आहे तिचं. लग्नात मी बदललं."

आजींना आत नेलं. शुद्ध हरपताना माणूस किती मागे जात असेल? संसार, मुलंबाळं ओलांडून, आईने हाक मारलेल्या अंगणापर्यंत?

तासाभराने सिस्टर बाहेर आली आणि आजोबांचा हात धरून शेजारी बसली. तिला काही सांगावं लागलं नाही.

आजोबांनी विचारलं, "तिनं उत्तर बरोबर दिलं होतं ना, सिस्टर?"

"हो, आजोबा. अगदी बरोबर."