बदलीच्या दिवशी बाईंचं मशीन
आमच्या ऑफिसात बदली हवी असलेला माणूस आस्थापनेच्या बाईंच्या टेबलाशी आला, की त्याच्या तोंडात साखर असते. बदलीचे आदेश टाईप करायचे, माणसाला इकडून मोकळं करायचं, तिकडे कळवायचं, हे सगळं बाईंकडे. दुसऱ्यांना त्यांच्या घरी पोचवण्यात जन्म गेला, आणि स्वतः मात्र घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर, भाड्याच्या एका खोलीत. यजमानांना झटका आल्यापासून त्यांचं उजवं अंग लुळं पडलंय, बोलणंही अडखळतं. गावी दीर आणि जाऊबाई त्यांचं करतात. जाऊबाई करतात, पण ऐकवून करतात. बाईंनी फोन लावला की मागून आवाज येतोच, "ती तिकडे खुर्चीत पंख्याखाली, आणि इथे अंथरुणं आम्ही धुवायची!" बाई हूं की चूं करत नाहीत. मी असते तर जाऊबाईंना चांगलं खडसावलं असतं. पण मी पडले शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळणारी, मला बोलायला काय जातंय?

यंदा बाईंच्या गावच्या ऑफिसात एक जागा रिकामी झाली. एकच. ती पुन्हा रिकामी होईपर्यंत बाई निवृत्त होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बदली मागणाऱ्यांच्या यादीत बाईंचं नाव सगळ्यांत वर, म्हणजे अर्ज केला की जागा त्यांचीच. अर्जाला मुदत एका दिवसाची, संध्याकाळी पाचपर्यंत. तो करायचा ऑफिसच्या नेटवर्कवरून, आणि तोसुद्धा आपापल्याच मशीनवरून.

ही 'आपापल्याच मशीन'ची भानगड आमच्याकडच्या महाभागांची कमाई. पूर्वी कोणीही कुठल्याही मशीनवर बसून पासवर्ड टाकायचं. मग मंडळी एकमेकांची हजेरी लावायला लागली. एक महाशय गावी गाढ झोपलेले असायचे आणि इथे रोज वेळेवर हजर! मुख्यालयाला हे कळलं, आणि त्यांनी ज्याचं त्याचं खातं ज्याच्या त्याच्या मशीनला बांधून टाकलं. बाईंनी उभ्या जन्मात कोणाची खोटी हजेरी लावली नव्हती. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं.

त्या दिवशी बाई झाडूवालीच्याही आधी आल्या होत्या. मी पोचले तेव्हा मशीनसमोर नुसत्या बसलेल्या. "आत घेत नाहीये गं," म्हणाल्या.

मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला आम्ही 'बंद-चालू' म्हणतो, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याचं पहिलं औषध तेच. माणूस भला आहे. त्याने मशीन बंद केलं, चालू केलं. केबल काढून लावली, मग नवी लावली, मग माझी ओढून तिकडे लावली. शेवटी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघून त्याने कपाळावर हात मारून घेतला. मशीन कित्येक वर्षं मागे जाऊन बसलं होतं. सुट्टीत वायरिंगसाठी वीज तोडली होती, आणि आतलं घड्याळ चालवणारा बटणाएवढा सेल मेलेला. तारीख चुकली की सर्व्हर दारात उभं करत नाही म्हणे.

"एवढंच ना?" बाई हसल्या. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

बंद-चालूने भंगारातल्या मशीनमधला सेल आणून बसवला. तारीख आजची झाली. बाईंनी पासवर्ड टाकला, तरी नन्नाचा पाढा.

"आता काय म्हणतंय?"

"मशीनवर सर्व्हरचा विश्वास राहिला नाही म्हणतंय, बाई."

"अरे, पण माझ्यावर आहे ना?"

मशीन नेटवर्कला नव्याने जोडायचं तर मुख्यालयाची परवानगी हवी. मुख्यालय म्हणालं, तक्रार नोंदवा. नोंदवायची कुठे? तर मशीनवर लॉगिन करून. मी माझ्या मशीनवरून नोंदवायला गेले, तर ज्याचं मशीन त्यानेच तक्रार करायची! माझं डोकंच फिरलं. साहेबांच्या केबिनमध्ये शिरून मी म्हटलं, "आता तुम्हीच फोन लावा, नाहीतर मी लावते आणि तोंडाला येईल ते बोलते." साहेबांनी घाईघाईने लावला. त्यात दुपार गेली. बाईंचा डबा तसाच पडून होता.

परवानगी आली. बंद-चालू घामाघूम होऊन बसला. नेटवर्कवर मशीनचं जे नाव होतं, त्या जुन्या नावाने सर्व्हर त्याला घेईना, म्हणून त्याने मशीनला नवं नाव दिलं आणि ते जोडलं गेलं! आम्ही सगळे भोवती जमलो. बाईंनी पासवर्ड टाकला. स्क्रीन म्हणाला, या खात्याला या मशीनवर परवानगी नाही.

बाईंचं खातं बांधलेलं होतं जुन्या नावाला. बंद-चालूच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. त्याचा चेहरा असा पडला, की मला त्याच्यावर धड रागावताही येईना. त्याने पुन्हा मुख्यालयाला फोन लावला. तिथला माणूस गोड आवाजात म्हणाला, "बदलून ठेवतो. पण ते रात्रीतून लागू होतं. उद्या सकाळी मस्त चालेल बघा."

बाईंनी रिसीव्हर हिसकावून घेतला. "उद्या काय करू मी त्याचं? सांगा ना, काय करू?" असा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. पाच वाजून गेले तरी त्या पासवर्ड टाकतच होत्या. शेवटी मीच त्यांचा हात धरून बाजूला केला.

सकाळी मशीन झकास चाललं. वरातीमागून घोडं. साहेबांनी वर लिहिलं. वरून उत्तर आलं, की मुदतीनंतरच्या अर्जाचा विचार होणार नाही.

महिन्याभराने ती जागा हिशेब शाखेतल्या एका तरुणाला मिळाली. आदेश अर्थातच बाईंनी टाईप केला. तो न्यायला मुलगा आला. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

"काकू, तुम्ही त्याच गावच्या ना? भाड्याने खोली मिळेल का हो तिथे?"

मी तिथून उठून जाणार होते. मला ते ऐकवेना.

"आमच्याच घरात आहेत की," बाई म्हणाल्या. "वरच्या दोन खोल्या. ऑफिसपासून पायी जाता येतं. ह्यांना जिना चढवत नाही, म्हणून कुलूप घातलंय."

"भाडं किती, काकू?"

"ते बघू. फक्त एक करा. संध्याकाळी आलात की वर जाण्याआधी थोडा वेळ ह्यांच्याजवळ बसत जा. बोलायला त्यांना फार वेळ लागतो. मधेच वाक्य पुरं करून देऊ नका, त्यांचं त्यांना करू द्या."

"हो काकू," तो म्हणाला.

बाईंनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातली एक किल्ली निघता निघेना. नखाने कडी ताणून त्यांनी ती सोडवली आणि आदेशासोबत त्याच्या हातात दिली.