दोरीवरची पिशवी

आमचं घर जिंतूरला दुकानाच्या वर आहे. खाली पाइप, स्प्रिंकलर आणि पाण्याच्या मोटारी, वर आम्ही. गॅलरीतून एक दोरी खाली सोडलेली असते आणि तिला कापडी पिशवी. दिवसभराची बिलं त्या पिशवीतून वर यायची, चहाचा थर्मास त्याच पिशवीतून खाली जायचा. वर आलेली बिलं मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर चढवायची. सासऱ्यांनीच हे काम माझ्याकडे दिलं होतं, सून बी.कॉम. झालेली आहे म्हणून. सॉफ्टवेअर उघडायचं ते मात्र त्यांच्या नावानं. ते गेले तरी त्यांचंच नाव टाकून मी उघडत राहिले. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग धाकट्या दिरांनी मानवतला दुसरं दुकान टाकलं. इथला माल तिथं, तिथला इथं, आणि माझ्या कॉम्प्युटरला तिथलं काहीच दिसेना. परभणीचा सॉफ्टवेअरवाला म्हणाला, नवीन घ्या, दोन्ही दुकानं एका जागी दिसतील. पण आधी जुनं सगळं नीट लावून ठेवा, नाहीतर हाच गोंधळ तिकडं येईल. घरात सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मार्च महिना. वरची खोली अशी तापायची की कूलर नुसता आवाज करायचा. एकच दोन इंची पाइप आमच्याकडं चार नावांनी होता, कारण जो बिल फाडायचा तो आपल्या मनाचं लिहायचा. गिऱ्हाइकांचं तर विचारूच नका. कुणी 'धरणाजवळचे', कुणी नुसतेच 'गुरुजी'. एकाच माणसाची दोन खाती, नाहीतर बापलेकांचं मिळून एक. नव्या सॉफ्टवेअरला पूर्ण नाव, गाव, फोन, सगळं लागत होतं. मी एकेकाला फोन करत सुटले.

आणि काय सांगू, तो महिना माझा लय चांगला गेला. बाईचा आवाज ऐकून लोक आधी बिचकायचे, मग बोलायला लागायचे. येलदरीच्या एका मासेवाल्यांनी तर विचारलं, "मंजी इतके साल हिशोब तुमी लिवायलाव व्हय? दुकानात तर कदी दिसला न्हाईत." मी हसून फोन ठेवला. पण खरंच होतं त्यांचं. मी कधी दिसलेच नव्हते.

तेव्हापासून माझ्या डोक्यानं घेतलं. नव्या सॉफ्टवेअरसाठी घेतलेला कॉम्प्युटर खाली काउंटरवर बसणार होता. म्हणजे मीही खाली बसणार. माझं नाव, माझा पासवर्ड, गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोलणं. कुणी तसं कबूल केलं नव्हतं, मीच धरून चालले. माल मोजायला एक दिवस दुकान बंद ठेवलं होतं, तेव्हा कुणाचं लक्ष नाही बघून काउंटरमागच्या खुर्चीवर बसूनही बघितलं. आणि त्या कामासाठी म्हणून एक सुती साडी घेतली, हलकी, उठबस करायला बरी अशी. वेडीच मी.

सॉफ्टवेअरवाला आला त्या दिवशी तीच साडी नेसून, स्वयंपाक सकाळीच उरकून मी खाली गेले. जुनं सगळं नव्यात अडथळा न येता गेलं. इतकं नीट लावलेलं काम मला कुठं मिळत नाही, असं तो म्हणाला आणि मी फुलले. मग त्यानं विचारलं, हे कोण कोण वापरणार, कुणाकुणाची नावं घालायची? दिरांनी सांगितली. ते स्वतः, माझे यजमान आणि मानवतला नवीन ठेवलेले अकाउंटंट. मग माझ्याकडं वळून ते अगदी मायेनं म्हणाले, "वैनी, लय वर्षं तरास काढलात. आता सुटलात बघा."

यांनीही मान डोलावली. दोघांच्या तोंडावर असं समाधान, की जणू मला माहेरची साडीच दिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सॉफ्टवेअरवाला परका माणूस, पण सुचलं त्यालाच. तो म्हणाला, "मॅडमचं नाव टाकू का? अजून एका नावाची जागा आहे."

दिरांना तेवढ्यात फोन आला होता, हे एका गिऱ्हाइकाला पाइप दाखवायला गेले होते. मी फक्त हो म्हणायचं होतं. पण मागून घ्यायचं? ज्यांनी द्यायचं त्यांच्या ध्यानीमनीही नाही, आणि मी हात पसरायचा? माझा स्वभाव मेला असाच आहे. न मागता मिळालं पाहिजे, नाहीतर नकोच.

"नको," मी म्हणाले. "बरं झालं, सुटले एकदाची."

वर येऊन चहा केला आणि थर्मास पिशवीत घालून खाली सोडला. डोळे भरून आले होते, त्याचाही रागच आला.

आता पिशवीतून भाजी येते. कधी खालून हाक येते, अमुक गावचे अमुक म्हणजे कोण? मी गॅलरीतून सांगते. ती साडी घरातच नेसून विटली. दीर वाईट नाहीत, हेही नाहीत, म्हणून तर कुणावर ओरडता येत नाही. चूक माझ्याच जिभेची, असं मी मनाला सांगते. पण मन दर वेळी ऐकत नाही. एकदा, फक्त एकदा, यांनी विचारायला नको होतं का?

परवा जेवताना शेवटी मी बोलले. यांना म्हणाले, मला खाली दुकानात बसायचं होतं, माझं नाव त्यात हवं होतं. त्यांचा घास हातातच राहिला. सोंग नव्हतं ते, त्यांना खरंच काही कळेना.

"मग तवाच बोलायचं न्हाई व्हय?" ते म्हणाले. मी तव्यावरची भाकरी उलटली. मग ते स्वतःच म्हणाले, "त्यात काय, आताबी जागा हाय. उद्याच फोन करतो, टाकतेत तुझं नाव."

हेच ऐकण्यासाठी मी इतके दिवस झुरत होते. मी त्यांना भाकरी वाढली आणि माझ्या तोंडून निघालं, "राहू द्या आता."

त्यांनी बरं म्हटलं आणि ताक मागितलं.