आधी मैदान

शाळेत खिचडी वाढणं चालू होतं, तेव्हा ऑफिसातला फोन वाजला. पलीकडून आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका सेसिलबाईंचे भाऊ, डॉमनिकदादा बोलत होते. एरवी ते आधी माझी तब्येत विचारतात, मग मुलांची चौकशी करतात आणि मग कामाचं बोलतात. त्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘नीताबाई, आमची सेसिल गेली. पहाटे. उद्या दुपारी चर्चमध्ये मिस्सा आहे.’ मी ‘हो’ म्हटलं. बाहेर आले तर तिसरीतली एक मुलगी रिकामी ताटली घेऊन उभी होती. ‘बाई, अजून वाढा ना.’ मी वाढलं. मावशींनी माझ्या हातातून डाव काढून घेतला, तेव्हा कळलं की खिचडी ताटलीत कमी आणि जमिनीवर जास्त पडत होती…

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे शिक्षक बाईंच्या गावी, नंदाखालला गेलो. केळीच्या वाड्यांमधून माणसं येत होती, चर्चच्या पायऱ्यांवर बायका हलक्या आवाजात बोलत होत्या. त्यांची घरची बोली मला आजही अर्धीच समजते, पण ‘शाळा’ हा शब्द सारखा कानावर येत होता. फादर प्रवचनात म्हणाले की सेसिलबाईंनी आयुष्यभर मुलांना शिकवलं आणि रेल्वेच्या पूर्वेला एक मोठी शाळा बांधली. मला वाटलं, फादरांना नंतर गाठून सांगावं की शाळा दुसऱ्यांनी बांधली. बाईंनी मैदान केलं. आणि ते करताना जवळजवळ सगळ्यांशी भांडण ओढवून घेतलं, माझ्याशीसुद्धा. पण अशा वेळी हे सांगणार कसं? म्हणून आता, त्यांची महिन्याची मिस्सा होऊन गेल्यावर, इथे लिहिते आहे.

मी मूळची देवगडकडची. लग्न होऊन गोखिवऱ्याला वन-रूम-किचनमध्ये आले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर घरापासून हाकेच्या अंतरावरच्या या प्राथमिक शाळेत लागले. तेव्हा ती चार खोल्यांची कौलारू शाळा होती. एका अंगाला जुनं गाव, दुसऱ्या अंगाला वर चढत जाणाऱ्या इमारती आणि मागे गाळे. कुठे प्लास्टिकच्या बाटल्या बनत, कुठे खिळे, कुठे पुठ्ठ्याची खोकी. दर जूनला पटावर नवी नावं यायची, खोल्या मात्र तेवढ्याच. पहिली आणि दुसरी व्हरांड्यात बसायची. पाऊस आडवा आला की मुलं दप्तरं पोटाशी धरून भिंतीला चिकटायची. सेसिलबाई मुख्याध्यापिका होत्या. नंदाखालहून एस.टी.नं स्टेशनला यायचं, पूल ओलांडून पूर्वेला उतरून रिक्षा धरायची आणि सगळ्यांच्या आधी शाळेत हजर. लग्न केलं नव्हतं. भावाच्या कुटुंबात राहायच्या. उंच, सडपातळ, सुती साडी आणि आवाज असा की चौथीच्या वर्गात बोलल्या तर पहिली गप्प बसायची. मला त्यांची भीती वाटायची, हे खरं. पहिल्याच आठवड्यात माझ्या फळ्यावरचं वेलांटी चुकलेलं एक अक्षर त्यांनी मुलांदेखत पुसलं आणि दुरुस्त करून परत खडू माझ्या हातात दिला.

शाळेपुढे मैदान होतं, पण नावाला. आसपासच्या बांधकामांचा राबिट, फुटक्या विटा-सिमेंटचा कचरा, तिथे येऊन पडायचा. गाळ्यांचे टेम्पो तिथेच उभे राहायचे, तिथेच धुतले जायचे. बाई सकाळी आल्या की पर्स खांद्याला लावून ते मैदान पायाखाली घालायच्या आणि काचा, खिळे, पत्र्याचे तुकडे एका पिशवीत गोळा करायच्या. तेवढं करूनही मधल्या सुट्टीत मुलांना खेळायला जागा उरायची नाही. मग मुलं रस्त्यावर जायची. दुसरीतली पिंकी तशीच गेली होती. लंगडी खेळत होती. मागे येणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरला ती दिसली नाही… पिंकी वाचली, पण तिचा पाय पूर्वीसारखा झाला नाही. बाई रोज शाळा सुटल्यावर हॉस्पिटलात जायच्या. तिथून नंदाखाल गाठेपर्यंत त्यांचं काय होत असेल, कोण जाणे. पुढे तिच्या वडलांनी काम सोडलं आणि ते कुटुंब गावी निघून गेलं. कुठल्या गावी, ते शेजाऱ्यांनाही नीट सांगता येईना. बाईंनी बरीच चौकशी केली. पत्ता लागला नाही.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं शाळेच्या वाढीव कामाला मंजुरी आली. जुन्या खोल्यांची दुरुस्ती, शेजारी नवीन खोल्या, वर मजला, मैदानाला भिंत. आम्ही पेढे वाटले. गावच्या शिक्षण समितीची बैठक व्हरांड्यातच भरली. अध्यक्ष गावातले जुने, वजनदार गृहस्थ. ते म्हणाले, ‘पावसाआधी नव्या खोल्यांचं जोतं उठलं पाहिजे. वाळू, खडी, सळ्या मैदानात टाकू. मैदानाचं सगळं शेवटी.’ कंत्राटदारानंही मान हलवली. सगळं रीतसर होतं. आणि बाई म्हणाल्या, ‘नाही. आधी मैदान.’

अध्यक्षांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ‘बाई, पोरं व्हरांड्यात भिजतात तुमची.’

‘भिजतात. भिजलेलं पोर वाळतं, दादा.’

पुढचं वाक्य त्यांनी बोलायची गरज नव्हती. पिंकीचं नाव तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आलं असणार. तरीही मी उठून बोलले. मी म्हटलं, ‘बाई, मैदानाला भिंत घालू या, दार लावू या, पण खोल्यांचं काम थांबवायला नको. पहिलीचा वर्ग माझ्याकडे आहे. मला माहितीये व्हरांड्यात कसं शिकवावं लागतं ते.’ त्या माझ्याकडे वळल्या. रागानं नव्हे. मग शांतपणे म्हणाल्या, ‘एकदा इथे खडी पडली ना नीता, की दोन वर्षं उचलली जाणार नाही. आणि दोन वर्षं मुलं कुठे जातील, ते मला माहीत आहे.’ बैठक लांबली. शेवटी, मुख्याध्यापिकेची सही लागणार होती आणि ती मिळेना, म्हणून अध्यक्षांनी हात टेकले. पैशांचा पहिला भाग मैदानावर गेला. राबिट उचलला, लाल माती पसरली, भिंत झाली, एक घसरगुंडी आली. खडी आणि सळ्या गावातल्या एका रिकाम्या खळ्यावर टाकल्या गेल्या. तिथून त्या वाहून आणताना मजुरांनी बाईंना किती नावं ठेवली असतील!

फाटक बसलं तरी टेम्पोवाल्यांना ते मान्य नव्हतं. एकदा प्रार्थनेच्या वेळी एक टेम्पो सरळ आत शिरला. मुलं ओळीत उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. पुढच्या ओळीतली मुलं चुळबुळली, मी त्यांना बाजूला घ्यायला निघाले, तर बाईंनी हातानंच मला थांबवलं. त्या टेम्पोकडे पाठ करून उभ्या होत्या. प्रार्थना चालू राहिली. हॉर्नही चालू राहिला. मग प्रतिज्ञा झाली, पाढे झाले. त्या दिवशी पाढे आम्ही जरा जास्तच म्हटले. कधीतरी हॉर्न थांबला, मग इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, ‘मॅडम, माल उतरवायचाय हो. शेठ ओरडतो मला.’ तेव्हा बाई वळल्या. ‘तुमच्या शेठला माझ्याकडे पाठवा. तुम्ही कशाला ओरडा खाता?’ शेठ काही आला नाही. टेम्पो मात्र हळूहळू मागच्या गल्लीत उभे राहायला लागले.

इथपर्यंत गोष्ट सुखाची आहे. पण पुढे जे झालं ते बाईंना जड गेलं. पावसानं खोल्यांचं काम अडलं, पैशांचा पुढचा भाग रेंगाळला, जुनं छप्पर उतरवून ठेवलेलं आणि नवा मजला होईना. जवळजवळ दोन वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शाळा चालवली. मार्च-एप्रिलमध्ये पत्रा असा तापायचा की मुलांच्या नाकातून रक्त यायचं. ज्यांना परवडत होतं त्यांनी मुलं इंग्रजी माध्यमात घातली. इमारतींमधली बरीचशी गेली, गावातलीही गेली. अध्यक्षांचा नातूसुद्धा गेला. दाखला न्यायला ते स्वतः आले आणि दारातून म्हणाले, ‘मैदान झकास झालं बाई. खेळायला पोरं राहतील का, तेवढं बघा.’ बाईंनी दाखल्यावर सही केली. ते गेल्यावर बराच वेळ टोपण न लावलेलं पेन हातात धरून बसल्या होत्या. मी पाणी नेऊन दिलं. म्हणाल्या, ‘नीता, माझं चुकलं असेल का गं?’ मी पेनाला टोपण लावून दिलं. मला तेव्हा खरंच वाटत होतं की त्यांचं चुकलं. आज विचारलं असतं तरी ठाम सांगता आलं नसतं.

त्यानंतरच्या रविवारी त्या चर्चमधून परस्पर माझ्या दारात. हातात मिस्सेचं पुस्तक, डोक्यावरचा पदर अजून तसाच. ‘चल, चाळींमधून फिरून येऊ.’ गाळ्यांच्या मागे कामगारांच्या चाळी होत्या. तिथली कितीतरी मुलं शाळेतच जात नव्हती. आजवर आम्हीही तिकडे फारसं फिरकलो नव्हतो, पट भरलेला असल्यामुळे गरजच पडली नव्हती. जालन्याकडची एक बाई दारात भांडी घासत होती. तिच्या दोन मुली शेजारीच बसलेल्या. ती म्हणाली, ‘आमचं काय खरं न्हाई बाई. चार महिने हितं, मंग दुसरीकडं. नाव घालून काय करू?’ बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, ‘जितके दिवस आहात तितके दिवस पाठवा. एक दिवस असाल तर एक दिवस पाठवा.’ त्या बाईनं मुलींकडे पाहिलं. त्यातली मोठी एकदम म्हणाली, ‘मला ती शाळा माहितीये. घसरगुंडीची.’

मग आमच्या ध्यानात आलं. संध्याकाळी मैदान उघडं असायचं आणि चाळीतली मुलं तिथे कधीची येतच होती. आमच्या पटावर नव्हती, पण शाळेत येत होती. त्या उन्हाळ्यात आम्ही पुष्कळ रविवार फिरलो. जूनमध्ये शेड भरली. मराठी धड न येणारी मुलं, बूट नसलेली मुलं, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वर्गात बसणाऱ्या मुली. गावातल्या काही पालकांना ते रुचलं नाही. ‘कुणाकुणाला गोळा केलंय’ असं आमच्या तोंडावर बोलून दाखवलं. बाई म्हणायच्या, ‘मुलं आहेत. अजून कोण असणार शाळेत?’

मजला पुरा झाला तोवर त्यांची निवृत्ती आली होती. एप्रिलमध्ये त्या निवृत्त झाल्या आणि जूनमध्ये नव्या खोल्यांत वर्ग भरले. नव्या खोलीत त्यांनी एक तासही शिकवलं नाही. उद्घाटनाला त्यांना बोलावणं होतं. दर्शनी भिंतीवर काळ्या दगडाची पाटी लावली होती. तिच्यावर पुष्कळ नावं होती, बाईंचं नव्हतं. त्यांनी चष्मा लावून ती पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. मी शेजारी अवघडून उभी. चष्मा काढून त्या म्हणाल्या, ‘शुद्धलेखन बरोबर आहे.’ आणि हसल्या. पण जेवायला थांबल्या नाहीत. मी स्टेशनपर्यंत सोडायला गेले, तर रिक्षात सबंध वेळ बाहेरच बघत होत्या. त्यांना लागलं होतं. माणूस कितीही मोठा झाला तरी लागतंच.

पुढची तीन-चार वर्षं मी जमेल तेव्हा नंदाखालला जायचे. घराच्या पडवीत, वाडीकडे तोंड करून त्या बसलेल्या असायच्या. त्यांच्या वहिनी केळी आणून ठेवायच्या आणि जाताना एक फणी पिशवीत कोंबायच्या. आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या भेटीत त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाकून ऐकावं लागत होतं. ज्या आवाजाला पहिली ते चौथी घाबरायची, तो आवाज… शाळेतलं एकेक विचारत होत्या. मग म्हणाल्या, ‘संध्याकाळी मुलं येतात?’ खोटं बोलावंसं वाटलं, पण त्यांच्याशी खोटं बोलता येत नसे. मी सांगितलं की नव्या मुख्याध्यापकांनी शाळा सुटल्यावर फाटकाला कुलूप लावायला सुरुवात केली आहे. रात्री दारू पिणारे आत बसायचे, बाटल्या फोडायचे, त्यांचाही नाइलाज होता. बाईंनी डोळे मिटले. झोप लागली असं समजून मी उठले, तर म्हणाल्या, ‘तू जवळच राहतेस ना?’ ‘हो.’ ‘बरं झालं.’ एवढंच. आमच्यात झालेलं ते शेवटचं बोलणं.

त्या गेल्यानंतरच्या आठवड्यात मी मुख्याध्यापकांना किल्ली मागितली. पाच ते सात मी स्वतः थांबेन, सातला कुलूप लावेन, असं सांगितलं. भला माणूस, लगेच दिली. पहिल्या दिवशी मी फाटक सताड उघडून उभी राहिले, तर मुलं रस्त्याच्या पलीकडेच थांबलेली. अखेर दोन मुली पुढे आल्या. ‘बाई, आत यायचं?’ ‘या की,’ म्हटलं. तेवढं पुरलं.

आता रोज पन्नासेक मुलं येतात, कधी जास्त. चाळींमधून फिरलो त्या उन्हाळ्यानंतर सेसिलबाई संध्याकाळी थांबायच्या, पण अंधार पडायला लागला की कधी ‘चला घरी’ म्हणून ओरडत नसत. नुसत्या फाटकापाशी येऊन उभ्या राहत, पर्स दोन्ही हातांनी पुढे धरून. एकेक खेळ थांबायचा, मुलं आपापल्या चपला शोधायची आणि त्यांच्या बाजूनं बाहेर पडायची. मीही तशीच जाऊन उभी राहते. मुलं माझ्याकडे बघतात आणि परत खेळायला लागतात. तरी मी ओरडत नाही. थांबते.